रेकॉर्डर चालू करण्याआधी

उदगीरचं नाव काढलं की इतिहासाची आवड असलेली माणसं हमखास १७६० वर येतात. ३ फेब्रुवारी १७६०, सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, निजामाची झालेली कोंडी आणि मग पदरात पडलेला साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. पुढच्याच वर्षी पानिपत झालं, त्यामुळे उदगीरचा विजय बिचारा ‘पानिपताच्या आधीचा’ म्हणूनच लक्षात राहिला. असो. या लढाईबद्दल आपल्याला जे काही कळतं ते पत्रांतून आणि बखरींतून. भाऊ कसे बोलायचे, तोफखान्यातली माणसं आपसात कुठली भाषा वापरायची, किल्ल्याखालच्या वस्तीत त्या रात्री काय बोलणं झालं असेल, यातलं काहीच ऐकू येत नाही. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आवाज पकडून ठेवणारं एडिसनचं यंत्र यायला अजून ११७ वर्षं होती.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या उदगीरबद्दल, १९४८ च्या. तेव्हा यंत्र होतं. ते आमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

गेली काही वर्षं मी सुट्टीत गावी गेलो की एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या माणसांसमोर बसतो, हे नातेवाइकांना माहीत आहे (काहींनी त्यावरून नावही ठेवलंय मला, ते इथे लिहीत नाही). मग दोघातिघांनी विचारलं, कुठला घ्यायचा, कसा लावायचा, काय काळजी घ्यायची. एका ईमेलात उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की यातली प्रत्येक सूचना कुणाच्या तरी हरवलेल्या टेपमधून आलेली आहे. तेव्हा ही गोष्ट जरा मागून सुरू करतो.

ग्रियर्सनसाहेबांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट निरनिराळ्या गावच्या माणसांकडून त्यांच्या त्यांच्या बोलीत घ्यायची, म्हणजे बोलींची तुलना करता येते, अशी पद्धत होती. युक्ती चांगली होती. पुढे १९१३ ते १९२९ या काळात त्याला जोड म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्याही काढल्या गेल्या. म्हणजे गोष्ट कागदावर होतीच, आता तोंडूनही ऐकता येणार होती. पण मद्रास इलाखा आणि हैदराबाद, म्हैसूर ही संस्थानं या सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हती. आणि उदगीर कुठे होतं? निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. मराठीचा एवढा मोठा खंड, कोकणापासून वऱ्हाड-नागपूरपर्यंतच्या बोली त्यात, आणि आम्ही सरहद्दीच्या पलीकडचे म्हणून बाहेर.

आमच्या बोलीत ‘काय करलालास?’ असं विचारतात. पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येक उदगीरच्या पोराने पहिल्या आठवड्यात या ‘करलालास’वर हशा ऐकलेला असतो आणि दुसऱ्या आठवड्यात तो ‘काय करतोयस’ म्हणायला लागलेला असतो. त्यात दखनी उर्दूचे शब्द, कन्नडचा हेल, तेलुगूचा थोडा शिडकावा. हे लिहून दाखवता येत नाही. लिहिणारा शिकलेला असतो, त्याचा हात आपोआप वाक्य ‘शुद्ध’ करतो. माझ्या आजीच्या आठवणी एका नातेवाइकाने वहीत उतरवल्या आहेत, फार कष्टाने आणि प्रेमाने. त्या वाचताना वाटतं, आजी सदाशिव पेठेत वाढली होती की काय! माहिती सगळी बरोबर आहे, फक्त आजी त्यात नाही.

आता १९४८ कडे. त्याच्या दोन वर्षं आधीची, १९४६ ची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डेव्हिड बोडर नावाचा शिकागोचा एक मानसशास्त्राचा प्राध्यापक एक वायर रेकॉर्डर आणि वायरची दोनशे रिळं घेऊन युरोपात गेला. टेप नव्हे, वायर. केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज उमटवणारं यंत्र. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं तेव्हा निर्वासितांच्या छावण्यांत राहत होती. त्यांच्यापुढे बसून त्याने शंभराहून जास्त मुलाखती घेतल्या, त्यांच्या त्यांच्या भाषेत. जग तोवर त्या प्रकाराला नीटसं नावही देऊ शकलं नव्हतं. बोडरची एक सवय लक्षात ठेवा. मुलाखत सुरू होताना तो आधी स्वतःच्या आवाजात ठिकाण आणि तारीख सांगायचा. रीळ डब्यातून बाहेर पडलं, डब्यावरची चिठ्ठी निघून गेली, तरी आवाजच आपली ओळख सांगतो.

तरीही त्यातलं एक रीळ हरवलंच. फ्रान्समधल्या एका छावणीत निर्वासितांनी म्हटलेली गाणी त्यावर होती. ते नष्ट झालं नव्हतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात चुकीच्या नोंदीखाली पडून होतं आणि सुमारे सत्तर वर्षांनी सापडलं. सापडल्यावर पुढचा प्रश्न, ते वाजवायचं कशावर? वायर रेकॉर्डर आता कुणाकडे असतो? जुनं यंत्र शोधून आणून दुरुस्त करावं लागलं, तेव्हा ती गाणी पुन्हा ऐकू आली.

आणि १९४८ साली, म्हणजे बरोबर आपल्या पोलीस अॅक्शनच्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने मौखिक इतिहासाचं काम रीतसर सुरू केलं. सुरुवातीला तर एक विद्यार्थी बाजूला बसून हाताने लिहून घ्यायचा. यंत्र नंतर आलं. यंत्र आल्यावरही गंमत बघा. मुलाखत टाइप करून झाली की टेप पुसायची आणि पुढच्या माणसासाठी वापरायची, अशीच तिथली पद्धत बरीच वर्षं होती. टेप महाग होती, आणि कागद हाच खरा पुरावा अशी पक्की समजूत. म्हणजे आजीच्या वहीचा प्रश्न न्यूयॉर्कलाही होताच.

इकडे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हैदराबाद रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. राजाचा आवाज असा घराघरांत गेला. प्रजेचं काय? रझाकारांच्या काळात रात्री गाव सोडून रानात झोपणारी माणसं, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात राहून आलेली पोरं, स्वामी रामानंद तीर्थांच्या शब्दावर शाळा सोडलेले विद्यार्थी, आणि मग पोलीस अॅक्शननंतरच्या दिवसांत ज्यांच्या घरांवर उलट लाट आली ती मुसलमान कुटुंबं. या दुसऱ्या भागाची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरली. सर्वात जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडसोबत बीदरचं नाव घेतलं आहे. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेच्या वर माणसांशीही ते बोलले. पाचशे माणसं! आपल्यापर्यंत त्यांचं पोचलं ते काही पानांच्या सारांशातून, आणि तो सारांशही कितीतरी दशकं दाबून ठेवलेला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत लोकांना बघायला मिळायला लागला.

पहिल्या भागावर पुस्तकं आहेत, अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ तर आहेच. पण पुस्तकात पुढाऱ्यांना जागा मिळते. ज्या बाईने चुलीमागे निरोपाच्या चिठ्ठ्या लपवल्या तिला मिळत नाही. साधा हिशोब करा. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेलेलं आहे.

मधल्या काळात यंत्र आमच्या गावात आलं नाही का? आलं ना, धूमधडाक्यात आलं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. त्यानंतर काही वर्षांत खिशात मावणाऱ्या छोट्या कॅसेटचे रेकॉर्डरही निघाले, पण ते डॉक्टर, वकील, पत्रकार मंडळींसाठी. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात आला तो ‘टू-इन-वन’, रेडिओ आणि टेप एकत्र. कुणाचा तरी मुलगा आखातात गेलेला असायचा, तो सुट्टीवर येताना आणायचा. पत्राऐवजी कॅसेट पाठवायची पद्धतही त्याच घरांतून आली. आई इकडून तासभर बोलणार, मधे बकरी ओरडणार, शेजारीण डोकावून ‘सलाम बोल मेरा’ म्हणणार, आणि ते सगळं पाकिटातून जेद्दाला जाणार. उदगीरच्या त्या काळातल्या बोलीचा यापेक्षा चांगला नमुना दुसरा नसेल. पण त्यावरच उत्तर भरून परत पाठवायचं असायचं. कॅसेट नवी कशाला विकत घ्यायची?

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे दात असतात, आठवतंय? तो दात मोडला की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही. जपून ठेवायची कॅसेट असेल तर दात मोडायचा. आणि आपण काय करायचो? मोडलेल्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचो आणि त्यावर ‘मैंने प्यार किया’ची गाणी भरायचो. आमच्या एका नातेवाइकांच्या घरी गावातल्या जुन्या कीर्तनकारांची कॅसेट होती. आज ती वाजवली तर सुरुवातीचा अभंग संपता संपता लग्नातला बँड सुरू होतो. यंत्राचा त्यात दोष नाही. नवं भरण्याआधी जुनं पुसायचं, ते त्याच्या रचनेतच होतं. आणि जे पुसलं गेलं नाही त्याला पावसाळ्यात पांढरी बुरशी लागली.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांबद्दल आधीच्या पिढीतले लोक बोलायला लागले की आधी त्यांच्या वक्तृत्वाबद्दल बोलतात, मग विचारांबद्दल. १९८२ च्या फेब्रुवारीत ते औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. माझ्या पिढीला कुरुंदकर भेटले ते छापील. वडील मंडळी ‘तुम्ही ऐकायला पाहिजे होतं’ म्हणतात तेव्हा त्यावर बोलण्यासारखं काही नसतं.

एक काम मात्र मराठवाड्यात नीट झालं आणि ते जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, खेड्यापाड्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यात आले. त्यांनी ओव्यांची संगणकावर सूची लावली आणि गावोगाव जाऊन चांगल्या यंत्रावर आवाज घेतले. १९९६ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आणि बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या त्यांनी टिपल्या. राधाबाईंच्या ओव्या बाबासाहेबांवरच्या. २०१७ पासून ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ओव्या गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, आवाज, शब्द आणि भाषांतरासकट लोकांसमोर ठेवते आहे. मी त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा गाण्यापेक्षा नोंदींनी जास्त थक्क झालो. वीस वर्षांनंतर कुणीही त्या गावात जाऊन बाईंना शोधू शकेल, इतकं लिहून ठेवलेलं! आवाज टिकला तो यंत्र भारी होतं म्हणून, हे खरं. पण सापडला तो कुणीतरी बसून सूची केली म्हणून.

आता ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी माझी पद्धत.

रेकॉर्डर कुठलाही चालेल. दोन-चार हजारांचाही चालतो. फोनही चालतो, पण फोन मधेच वाजतो आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला तो ‘फोन’ वाटतो, तुम्ही फोनकडे बघत बसलात असं वाटतं. वेगळं यंत्र पुढ्यात ठेवलं की आपण काहीतरी कामाचं करतोय हे दोघांनाही कळतं.

नवं यंत्र हातात आलं की सर्वात आधी तारीख आणि वेळ लावा. हे कुणी करत नाही. प्रत्येक फाइलवर यंत्र आपोआप तारीख टाकतं, आणि घड्याळ लावलेलं नसेल तर पाच वर्षांच्या सगळ्या फाइली कुठल्या तरी १ जानेवारीच्या निघतात. बऱ्याच यंत्रांत सेल काढून ठेवले की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. म्हणून बसण्याआधी प्रत्येक वेळी बघायचं. आणि सेल काढून तर ठेवायलाच हवेत, कारण साधे सेल महिनोन् महिने आत राहिले की पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजवतात. जुना आणि नवा सेल जोडीला घालू नका. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर मेनूत सेलचा प्रकार सांगायची सोय असते ती वापरा, नाहीतर बॅटरीची खूण खोटं सांगते. उदगीरला उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे भिंतीतल्या पिनवर अवलंबून राहायचंच नाही. नव्या सेलची जोडी खिशात.

मग फॉरमॅट. यंत्र विकणारा सांगतो, ‘साहेब, याच्यात शेकडो तास बसतात!’ बसतात, पण आवाज चिरडून. नीट ठेवायचा असेल तर ‘वेव्ह’मध्ये घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. स्टिरिओत मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जागा लागते, तासाला सुमारे ६३५ एमबी. चार जीबीच्या कार्डात सहा तास. एखाद्या आजोबांना सहा तासांपेक्षा जास्त एका बैठकीत कोण बोलवणार आहे? यंत्रात वेव्ह नसेल तर एमपी-थ्रीमध्ये १२८ किंवा त्याच्या वरचा आकडा निवडा, तासाला साठेक एमबी होतात. नंतर लहान फाइल हवी असेल तर मोठीतून करता येते. उलटं होत नाही.

एक पर्याय आवर्जून बंद करा. त्याला यंत्रावर ‘व्हीओआर’ किंवा ‘व्हॉइस अॅक्टिव्हेशन’ म्हणतात. कुणी बोललं की यंत्र आपोआप चालू, गप्प झालं की बंद. कचेरीतल्या डिक्टेशनला ठीक आहे. पण ते प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द खातं आणि शांतता कापून टाकतं. १९४८ बद्दल बोलताना माणसं गप्प होतात. ‘मग त्यांनी माझ्या भावाला...’ आणि पुढे अर्धा मिनिट काहीच नाही. तो अर्धा मिनिट मला हवा असतो. यंत्र तो फेकून देऊन पुढचं वाक्य त्याला चिकटवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, किती सहज सांगितलं यांनी!

काही यंत्रांत लाल बटण पहिल्यांदा दाबलं की ते फक्त तयार राहतं, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की खरं रेकॉर्डिंग सुरू होतं आणि दिवा स्थिर होतो. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकताहेत ना, एवढं पाहायचं. एक मिनिट घेऊन हेडफोन लावून ऐकायचं. ‘काल जेवायला काय होतं?’ हा प्रश्न त्यासाठी उत्तम. आवाजाची पट्टी वर जाऊन लाल होत असेल तर संवेदनशीलता कमी करा. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. नंतर ‘होल्ड’चं बटण सरकवून टाका, म्हणजे नातवाने हात लावला तरी बंद पडणार नाही.

यंत्र एक-दीड वीत अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर. नुसतं टेबलावर ठेवलं की कपबशीचा प्रत्येक धक्का तोफेसारखा वाजतो (पुन्हा १७६०!). पंखा बंद, कूलर बंद, टीव्ही बंद, कुकर थोडा वेळ थांबवा. घरची मंडळी नाराज होतात, पण कूलरच्या आवाजाखालून बोलणं वेगळं काढणं फार कठीण. सर्वात चांगली वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत.

सुरुवात बोडरसारखी. माझ्या आवाजात आधी तारीख, गाव, तालुका, समोर कोण बसलंय, आणखी कोण बसलंय. जिल्हा सांगताना सालासकट सांगतो, याला आमच्या भागात कारण आहे. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. शिवाय उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं. एकच म्हातारी, घर न बदलता, तीन जिल्ह्यांत राहिली. ती ‘जिल्ह्याला गेलो’ म्हणाली तर कुठे गेली? जुन्या काळातले उदगीरचे कागद शोधायचे तर बीदरच्या नावाखाली शोधावे लागतात, हे ठाऊक नसलेला माणूस लातूरची दारं ठोठावत बसतो.

यंत्राची काळजी इथे संपते. माणसाची उरते, आणि मला वाटतं ‘सुरक्षित वापर’ म्हणायचा तो यालाच.

आमच्या गल्लीत एक चाचा होते. १९४८ ला ते अकरा वर्षांचे. मी विचारलं, ‘चाचा, मशीन चालू करू का?’ ते म्हणाले, ‘कर. लेकिन नाम नक्को.’ नंतर दीड तास बोलले. त्यात त्यांच्या वडिलांना लपवून ठेवणारं एक मराठा कुटुंब होतं, आणि घर लुटणारी माणसंही होती, नावानिशी. नावं त्यांच्याच तोंडून आली. बोलण्याच्या ओघात माणूस स्वतःच घातलेली अट विसरतो, पण ती आपण विसरायची नसते. तसंच दुसऱ्या बाजूला. रझाकारांबरोबर कोण फिरत होतं, वाडा कुणी दाखवून दिला, हे सांगणाऱ्या एका आजोबांनी ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या नातवाचं दुकान आज त्याच बाजारात आहे. माझे आजोबाच त्याच्याकडून उधारीवर सामान आणायचे. ही फाइल मी कुणाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायची?

आणि टेप म्हणजे नुसती आठवण नव्हे, कायद्याने पुरावाही होऊ शकते. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच टेपवरचं संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरलं. आमच्याकडे १९४८ च्या गोष्टीत जमिनीची गोष्ट येतेच. कुणाचं रान कुणाच्या नावावर कसं लागलं, हे सांगणारं वाक्य आज भाऊबंदकीच्या दाव्यात कामाला लावायला कुणालाही आवडेल. त्यामुळे मी तीन गोष्टी विचारतो आणि उत्तरं त्याच रेकॉर्डिंगवर घेतो. हे कोण ऐकू शकेल? नाव सांगायचं का? तुमच्या पश्चात कुणाला विचारायचं? दिवा दिसेल असा यंत्राचा तोंडवळा त्यांच्याकडे ठेवतो. ‘बंद कर’ म्हणाले की बंद, आणि बंद केल्यावर सांगितलेलं नंतर वहीतही उतरवत नाही. लपवून रेकॉर्ड करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांना चांगलं ‘मटेरियल’ मिळतं म्हणे. मिळत असेल. मी त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही.

गावाबाहेर पडण्याआधी पहिलं काम, कार्डातलं सगळं लॅपटॉपवर कॉपी करायचं. ‘कट’ नाही, कॉपी. दिवा लुकलुकत असताना वायर ओढायची नाही. दोन ठिकाणी नीट वाजतंय हे पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि पुसायचं ते यंत्रातच फॉरमॅट करून. एक प्रत घरी, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत बहिणीकडे सोलापूरला असते. ज्यांना नाव नको होतं त्यांच्या फाइलींना आकडे आहेत, आणि कुठला आकडा कुणाचा याची वही वेगळी, कुलपात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग म्हणजे ‘जपून ठेवलेलं’ नव्हे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं, भारत सासणे अध्यक्ष होते. मांडवात हजारो फोन वर होते. त्यातलं किती आज कुणाच्या फोनमध्ये शिल्लक आहे, एकदा आपापल्या फोनमध्ये शोधून बघा.

दर वर्षी एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, सगळ्या फाइलींतली थोडी थोडी वाजवून पाहतो. डिस्क बसते ती न सांगता बसते. वाजवताना घरातले येऊन बसतात, हा त्याचा फायदाच. गेल्या खेपेला एका आजीचा आवाज लागला आणि तिची पणती म्हणाली, ‘ही अशी का बोललाली?’ म्हणजे ‘लाली’ अजून शिल्लक आहे घरात. :)

सध्या यादीत नऊ नावं आहेत, त्यातली पाच १९४८ ची. बाकीची चार किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तेव्हा जे वीस-पंचवीस वर्षांचे होते आणि ज्यांनी दगडमातीखालून माणसं काढली, तेही आता पन्नाशीच्या पुढे गेलेत, आणि त्यांच्याकडून अजून कुणी काही घेतलेलं नाही. मे महिन्यात जाणार आहे. त्यातल्या एक आत्या म्हणाल्या, कूलर बंद ठेवते, पण सकाळी आठच्या आत या, नंतर मला कामं आहेत.